जिंकलेले वाद

खर्ड्याच्या किल्ल्याशेजारी बसून आप्पासाहेब गुरुजी आणि वैजनाथ रोज संध्याकाळी वाद घालायचे. निवडणूक, आरक्षण, जात, धर्म, कशावरही. गुरुजी देव मानत नसत. वैजनाथ पूजा केल्याशिवाय पाणीही पीत नसे. दोघांनी एकमेकांचं कधी ऐकलं नाही आणि एकमेकांना भेटल्याशिवाय राहिलेही नाहीत.

मग गुरुजींना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. 'व्हय' एवढा एकच शब्द उरला.

वैजनाथ आता त्यांच्या खाटेशी येऊन बसायचा आणि मुद्दाम डिवचायचा.

"तुमचा पक्ष म्हंजे चोरांचा बाजार."

"व्हय."

"जात काय जायची न्हाई आता, गुरुजी."

"व्हय."

प्रत्येक वाद जिंकून तो खाली मान घालून घरी जायचा.

एके दिवशी त्याला राहवलं नाही. "गुरुजी, तुमचंच खरं हुतं. देव न्हाई. असता, तर तुमचं बोलनं नेलं नसतं त्यानं."

"व्हय," गुरुजींच्या तोंडून निघालं. पण धड असलेल्या हातानं त्यांनी वैजनाथचं मनगट घट्ट धरलं, आणि कितीतरी वेळ ते 'नाही, नाही' अशी मान हलवत राहिले.