मागच्या गुंड्या

दसऱ्याआधी आलेल्या त्या पत्राला रंगरावांनी उत्तर दिलं नव्हतं. शनिवारी सकाळी समर्थकांचे पुढारी भुजंगरावांनी शिवणाच्या टेबलावर फुटबॉल संघाचा झेंडा आणून टाकला, तेव्हा ते पत्र त्यांना पुन्हा आठवलं.

पत्र श्रीवत्सांचं होतं, त्याच संघाच्या, अग्रहार युनियनच्या, मॅनेजरांचं. कानडीत, रेखीव अक्षरात. 'तुम्ही दर सामन्याला गोलच्या मागं उभे असता. बाकीचे सगळे ओरडतात. तुम्ही सामना संपायच्या आधी न बोलता निघून जाता. माझं काय चुकतं ते तुम्हीच नीट सांगाल असं वाटतं.' खाली पत्ता आणि फोन नंबर होता.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. फुटबॉलवरची मिळतील ती पुस्तकं रंगरावांनी वाचली होती. डावी बाजू दर वेळी उघडी पडत होती. आपला एक गोल झाला की श्रीवत्स अख्खा संघ मागं ओढून घेत, आणि मग दोन गोल खात. तीच चूक पुन्हा पाहिली की रंगराव घरची वाट धरायचे. पण आपण शिंपी, जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. उत्तर राहून गेलं.

भुजंगराव एरवी दुकानात शिरले की आधी कॉफी मागायचे आणि मग श्रीवत्सांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आज ते बसलेसुद्धा नाहीत. बाहेर स्कूटरवर दोघं थांबले होते, तेही आत आले नाहीत. उद्या शेवटचा सामना. हरलो तर संघ खालच्या विभागात. मग मैदानाच्या फाटकाशी मॅनेजरचा पुतळा जाळायचा, असं समर्थकांनी ठरवलं होतं. पुतळ्याला कोट हवा होता, या झेंड्याचाच. झेंडाही रंगरावांनीच शिवलेला होता.

श्रीवत्सांचा करडा कोट तुमच्याच हातचा, म्हणजे माप तुमच्याकडं आहेच, असं भुजंगराव म्हणाले. गवताच्या माणसाला कसलं माप, असं रंगरावांनी हसत विचारलं. भुजंगराव हसले नाहीत.

"बघणाऱ्याला तोच वाटला पाहिजे, मामा."

उंबऱ्यावरून ते पुन्हा वळले. "गुंड्या पुढं नकोत. मागं लावा. आणि बाह्यांची तोंडं शिवून टाका."

रंगरावांनी कापड बेतलं. श्रीवत्सांचा उजवा खांदा जरासा उतरता होता. माप काढून बघायची गरज पडली नाही, हाताला आठवत होतं. वाया गेलेले कॉर्नर, बाकावर कुजवलेला तो चांगला डावखुरा, शेवटच्या मिनिटाला खाल्लेला गोल, एकेक आठवत ते मशीन चालवत राहिले. दुपारपर्यंत कोट झाला. इतकी सुबक शिलाई त्यांनी बऱ्याच दिवसांत केली नव्हती.

बायको सोयराबाई जेवायला बोलवायला आल्या. त्यांनी कोट उचलून उलटसुलट पाहिला.

"अहो, पुतळ्याला गुंड्या कशाला? सुम्ने, नुसते टाके घालून टाकायचे की."

सोयराबाईंनी गंमत म्हणून कोट अंगावर चढवला, हात बंद बाह्यांत घातले आणि मागच्या गुंड्यांपर्यंत नेऊन बघितले. काजं पाठीवर होती आणि बोटं बाहीच्या आत; आतल्या माणसाला तो कोट स्वतःहून काढता आला नसता. त्यांनी घाईघाईनं कोट उतरवला आणि टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या माणसाला फोन करा."

करतो, असं रंगराव म्हणाले.

दुपारी चार वाजायच्या सुमाराला भुजंगराव कोट न्यायला आले. त्यांनी प्रत्येक गुंडी ओढून पाहिली. "आयतु, झालं काम. घट्ट आहेत." कोटाची घडी काखेत मारून ते निघाले आणि जाता जाता म्हणाले, "उद्या लवकर पळू नका हं, मामा. शेवटपर्यंत थांबा."

रंगरावांनी श्रीवत्सांचं पत्र पुस्तकातून काढलं. नंबर फिरवला, आणि घंटी वाजायच्या आत फोन बंद केला. काय सांगायचं? गुंड्या मागं आहेत म्हणून? आत खरंच नुसता पुतळाच असला तर? भुजंगराव आपल्यातले, एका गल्लीतले. उद्या अख्खी गल्ली हसेल. तोंडानं बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ते कागद घेऊन बसले.

लिहायला लागल्यावर मात्र हात थांबेना. डावीकडचा बचाव, मधल्या फळीतली पोकळी, गोल केल्यावर मागं का सरकू नये, सगळं त्यांनी सविस्तर लिहिलं. एका वाक्यात श्रीवत्सांना राग येईल असं वाटलं, म्हणून ते पान फाडून पुन्हा लिहून काढलं. उत्तराला झालेल्या उशिराबद्दल क्षमा मागितली. सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, एक ओळ घातली : 'शक्य असल्यास उद्या मैदानावर येऊ नये.'

मग पाकिटावर पत्ता लिहून, तिकीट चिकटवून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेले. दिवे लागले होते. मैदानाच्या बाजूनं कुणीतरी ढोल वाजवून बघत होतं.

पेटीवर कानडीत पाटी होती. रंगरावांनी चष्मा लावून ती वाचली. शेवटची डाक, दुपारी चार. रविवारी बंद. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.

मग पत्र आत टाकलं. पेटी रिकामीच असावी. पाकीट तळाला आपटल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.