हरण्याची झूल

हरण्या बैल गेल्यापासून किशनरावांनी त्याची पोळ्याची मखमली झूल पेटीत जपून ठेवली होती. त्यांच्या सुनेनं, पुनमनं, ती हिंगोलीतल्या नव्या घरी नेली आणि थेट सोफ्यावर अंथरली.

"सध्या हीच फॅशन हाय, मामा," ती पाहुण्यांदेखत सासऱ्यांना कौतुकानं म्हणाली.

हातची नोकरी सोडून बापाच्या जिवावर बसून खाणारा किशनरावांचा पोरगा स्वप्निल त्याच झुलीवर तंगड्या पसरून मोबाईलवर बोट फिरवत पडला होता.

"कशी दिसून राहिली, बाबा?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

किशनरावांनी झुलीची चुरगळलेली कड सरळ केली.



"झकास! पण हरण्याला ही एकच दिवस मिळायची, लेका. तीबी वर्षभर नांगर ओढल्यावर."