ताईचा जुना स्कॅन

"कशालाही हात लावू नका!" भाचा दारातूनच ओरडला आणि आत येऊन त्याने आधी इंटरनेटची वायर उपटली.

डॉक्टर खुर्चीतून उठून बाजूला झाले. स्कॅन सेंटरच्या त्या खोलीत एकच कॉम्प्युटर होता. त्याच्या काळ्या पडद्यावर मजकूर होता: तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. खाली उलटं घड्याळ पळत होतं.

"रॅन्समवेअर," भाचा म्हणाला. तो एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम बघत असे. "दर वेळी बजावतो, बिलाच्या नावाने अनोळखी मेल आली तर उघडू नका. पण ऐकतंय कोण!" त्याने फोनवर पडद्याचा फोटो काढून ठेवला.

लोकांच्या छातीतल्या, पोटातल्या भानगडी डॉक्टर रोज थंड डोक्याने वाचून दाखवत. आज ते दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबून उभे होते.

"आईचा स्कॅन यातच होता ना, मामा?"

"यातच."

"दुसरी प्रत?"

प्रत कुठली असायला! वर्षापूर्वी ताईचा खोकला हटेना, तेव्हा 'घरचा डॉक्टर असताना परक्याकडे कशाला' म्हणत ती इथे येऊन गेली होती. ना बिल, ना सीडी, ना रिपोर्टचा कागद. संध्याकाळी तिच्या भावाने फोनवर 'ठणठणीत आहेस गं' एवढं सांगितलं आणि विषय मिटला. परक्याला सगळं लेखी मिळतं, घरच्याची बोळवण तोंडीच होते.

आता त्याच छातीत गाठ निघाली होती. मोठ्या हॉस्पिटलचे सर्जन जुना स्कॅन मागत होते. गाठ वर्षापूर्वीही असेल, तर ती संथ आहे, तेवढा तुकडा काढून भागेल. तेव्हा छाती स्वच्छ असेल, तर गाठ झपाट्याने वाढतेय. मग अख्खं उजवं फुप्फुस काढायचं.

"तुम्हाला नक्की आठवतंय, मामा?"

"स्वच्छ होतं."

"मी तेच सांगितलं. ते म्हणाले, भावाच्या आठवणीवर मी सुरी चालवत नाही. चित्र आणा. उद्या सकाळपर्यंत नाही मिळालं, तर स्वच्छ होतं असं धरून चालू."

काउंटरवर बसणारी बाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. "सर, माझ्याच हातून झालं असणार. दिवसभर मेल उघडते मी. कुठली उघडली, देव जाणे."

"जाऊ दे बाई, चूक सगळ्यांच्याच हातून होते," डॉक्टर म्हणाले. एवढ्या गोंधळातही सर आवाज चढवत नाहीत हे पाहून तिला आणखीच रडू फुटलं.

भाच्याने मागे जोडलेली बॅकअपची डिस्क तपासली आणि कपाळावर हात मारून घेतला. "हिलाही कुलूप. ही कायम जोडून ठेवायची नसते, मामा. काम झालं की काढून ठेवायची. तुम्ही तर काढून ठेवायचात!"

"राहिली या वेळी."

भाचा मटकन खाली बसला. "पैसे भरू या का? मी जगाला सांगतो भरू नका. पण आईसाठी…"

"मुळीच नाही!" डॉक्टर एकदम म्हणाले. मग आवाज उतरवून, "चोराने किल्ली दिलीच नाही तर? तूच सांगतोस ना."

तेवढ्यात डॉक्टरांना ताईचाच फोन आला. "बाळ्या, फार जिवाला लावून घेऊ नकोस रे. तू बघितलं होतंस ना, मग झालं. मशीनपेक्षा तुझ्या डोळ्यांवर माझा जास्त विश्वास आहे."

डॉक्टरांनी कसंबसं 'हो' म्हणत फोन ठेवला.

"थांबा!" भाचा ताडकन उठला. "ही डिस्क नवी आहे. जुनी भरली म्हणून मी मध्यंतरी बदलली होती. जुनी आमच्या फडताळात पडलीय. आईच्या स्कॅननंतरच बदलली मी."

"मला बोलला नाहीस कधी?" डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"तुम्ही विचारलंत कुठे?" म्हणत तो जिना उतरूनसुद्धा गेला.

तो येईपर्यंत बाईने दोनदा पाणी आणून दिलं. डॉक्टरांनी ग्लास तोंडाला लावला नाही. खिडकीतून ते रस्त्याकडे बघत राहिले. प्रत्येक स्कूटरच्या आवाजाला दचकत होते.

भाच्याने जुनी डिस्क त्या बाधलेल्या कॉम्प्युटरला लावली नाही. "आजाऱ्याच्या अंथरुणात धडधाकट माणसाला झोपवत नाहीत," म्हणत त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला. फोल्डर दिसू लागले. आईचं नाव सापडलं तसा त्याला हुंदका आला आणि त्याने मामांना घट्ट मिठी मारली. बाईने हात जोडले.

चित्र उघडलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," भाच्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "बघा ना, मामा. दिसतंय का काही? एवढंसं तरी?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं नाही. वाटाण्याएवढा तो पांढरा ठिपका कुठे आहे, हे त्यांना न बघताही ठाऊक होतं. ताईच्या गाठीची बातमी आली त्या दिवशी दार लावून त्यांनी हेच चित्र पुन्हा उघडलं होतं आणि वर्षापूर्वी घाईत नजरेतून सुटलेला तो ठिपका पहिल्यांदा पाहिला होता. मग त्यांनी बिलाच्या नावाने आलेली ती अनोळखी मेल शोधून काढली, बॅकअपची डिस्क आठवणीने जोडली, आणि मेल स्वतःच्या हाताने उघडली.