पोहता आलं की फी

"मास्तर, आजही डबा बांधाच," विहिरीच्या पायरीवर पाठ माझ्याकडे करत धामणस्कर साहेब म्हणाले.

साहेब आमच्या गावातले कर सल्लागार. पोहायला शिकवण्याची माझी फी त्यांनीच ठरवून दिली होती: तीन हजार, आणि तीही पोहता आल्यावर. "लोक विश्वासाने येतील," त्यांनी समजावलं होतं, "शिवाय पैसे हातात पडेपर्यंत ते उत्पन्न नाही, म्हणजे करही नाही." मला पटलं. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः टॉवेल घेऊन हजर!

त्यांच्याबरोबर शिकायला आलेली पोरं दहा दिवसांत डबा सोडून सूर मारायला लागली. साहेबांचा दुसरा महिना चालू होता. पाठीवर पत्र्याचा रिकामा डबा असला की झोकात आठ फेऱ्या मारायचे, पण तो सोडायचं नाव काढलं की, "नको हो, बुडेन!"

आज मी मुकाट्याने डबा बांधला. आठ फेऱ्या मारून साहेब धापा टाकत वर आले. "आज जरा जड गेलं. पण डबा होता म्हणून वाचलो."

मी डबा सोडला, झाकण काढलं आणि सगळ्यांसमोर तो उलटा केला. बदाबदा पाणी सांडलं. झाकणाला सकाळीच मी खिळ्याने चार भोकं पाडली होती.

पोरं खिदळली. साहेब शांतपणे कान पुसत राहिले.

"साहेब," मी विचारलं, "नवा डबा खर्चात दाखवता येईल ना?"

"येईल की," ते म्हणाले, "पण मग माझे तीन हजारही उत्पन्नात धरावे लागतील."