दोन ठोक्यांमधला वेळ

ठोके पडलेच नाहीत. लाकडी मंच नुसता थरथरला.

देऊळघाटजवळच्या कर्णबधिर शाळेतली सात मुलं त्यावर लेझीम घेऊन अनवाणी उभी होती. मंचाखाली बसवलेली हातोडी ठोके देई, ते तळपायांना कळत आणि त्या तालावर पावलं पडत. हातोडी चालवणारा बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्राम कॉम्प्युटर शिकवणाऱ्या धम्मशीलाबाईंनी पूर्वी कधीतरी लिहिला होता. दोन ठोक्यांमध्ये थांबायचं म्हणून कॉम्प्युटर एकपासून चार हजारांपर्यंत नुसताच मोजत बसे. जुन्या मशीनला त्यासाठी अर्धा सेकंद लागे. ते आठवड्यापूर्वी बंद पडलं. त्याच्या जागी आलेलं मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळं होत होतं, आणि ठोके एकमेकांत मिसळून जात होते.

"मॅडम, काऊन जीव काढून राह्यल्या?" मुख्याध्यापक चिंतामण सर म्हणाले. "परवाच्या कार्यक्रमात लेझीम राहू द्या. पोरं पाहुण्यायले फुलं देतीन."

"फुलं तं दरसालच देतात, सर. यंदा खेळतीन."

बाईंनी मोजणं काढून टाकलं आणि प्रोग्रामला कॉम्प्युटरचं घड्याळ पाहायला लावलं. ठोके सुटे झाले, पण मुलांची पावलं लंगडू लागली. ते घड्याळ सेकंदात जेमतेम अठरा उड्या मारी. ठोका दोन उड्यांच्या मध्ये हवा असला, की कधी लवकर पडे, कधी उशिरा. मुलांमधल्या सगळ्यात मोठ्या रेवतीनं डोळे मिटून क्षणभर ठोके अजमावले आणि ठामपणे मान हलवली. नाही.

"आपल्याले तं बराबर वाटते बा," सर म्हणाले.

"तिले नाही वाटत ना!"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. आता मोजणंही हवं होतं आणि घड्याळही. सुरुवातीलाच मशीननं दहा लाखांपर्यंत मोजायचं, किती वेळ लागला ते घड्याळात पाहायचं, आणि अर्ध्या सेकंदासाठी किती मोजायचं ते स्वतःच ठरवायचं. पहिल्यांदा एक आकडा आला, दुसऱ्यांदा वेगळाच. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग लक्षात आलं. मोजणी दोन उड्यांच्या मधेच कुठेतरी सुरू होत होती. त्यांनी आणखी एक ओळ घातली: घड्याळानं उडी मारेपर्यंत थांब, मग मोज.

तिसऱ्यांदा आकडा आला. चौथ्यांदा तोच. पाचव्यांदाही तोच.

त्यांनी मुलांना मंचावर बोलावलं आणि बटण दाबलं. रेवतीनं डोळे मिटले. दोन ठोके तिनं नुसते जाऊ दिले. तिसऱ्यावर तिचं पाऊल पडलं आणि तिच्यासोबत सगळ्यांची. सात लेझीम एकदम खणाणल्या. चिंतामण सर दारातच उभे राहिले.

बाईंना राहवेना. चपला काढून त्यांनी मंचाच्या कडेवर एक पाय ठेवला आणि ठेका धरला; पण त्यांचं पाऊल ठोक्याच्या आधीच पडत होतं.

रेवती खेळता खेळता थांबली. खाली वाकून तिनं बाईंचं पाऊल धरलं, ठोका येईपर्यंत दाबून ठेवलं, आणि मग सोडलं.