लांडग्याचा फोटो

पालमजवळच्या माळावर लांडगा कोकराकडे दबकत सरकताना मला कॅमेऱ्यातून आधीच दिसला होता. ओरडलो असतो तर तो पळाला असता, पण मी फोटोच काढत राहिलो. त्याने कोकरू उचललं तेव्हा मेंढ्या राखणाऱ्या म्हाळसाबाई काठी उगारून त्याच्या अगदी मागे धावत आल्या. घरी फोटो सुधारताना चौकट मोकळी हवी म्हणून मी त्यांना पुसून टाकलं. त्या फोटोला परभणीच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. महिन्याने म्हाळसाबाई माळावरच भेटल्या आणि त्यांनी मोबाईलवर तो फोटो बघायला मागितला. "मी न्हाई व्हय यात, दादा?" "नाही आलात," मी म्हणालो. त्यांनी मोबाईल मला परत दिला. "मला वाटलं, मी लय जवळ पोचले व्हते. मीच मागं ऱ्हायले म्हणायचं. माझ्यामुळंच गेलं कोकरू." मी मान खाली घातली, पण खरं सांगितलं नाही.