पोटात घातलेलं

शिंप्याची नजर टेपपेक्षा पक्की. बायको भेटीच्या खोलीत आली तसं त्याने खुर्चीतूनच माप घेतलं. कंबर अठ्ठावीसची छत्तीस झाली होती, आणि सगळी वाढ पुढच्या बाजूला होती. जेवणाची वाढ अशी नसते, ती चहूबाजूंनी येते.

अकरा महिने मनात शंकेची पाल चुकचुकत होती, ती खरी ठरली. घर सोडून बायको या उपचार केंद्रात येऊन राहिली, तेव्हापासून दोघांनी एकमेकांना हातही लावला नव्हता. इथले डॉक्टर मनाचे. गोळी नाही, इंजेक्शन नाही. पेशंटला समोर बसवून, दार लावून नुसतं बोलायला लावायचे. दार लावून काय बोलणं चालतं हे न कळायला शिंपी काही कुकुलं बाळ नव्हता.

आठ वर्षांची मुलगी कुणाकडे राहणार, ते सोमवारी कोर्टात ठरणार होतं. सध्या ती त्याच्याकडे होती. गुणी पोर, घरात आहे की नाही तेसुद्धा कळायचं नाही. तो दुकानातून आला की आपली टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. तिला तो सोडणार नव्हता. फक्त पुरावा हवा होता, आणि तो असा समोर चालत आला होता.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण आज त्याने लपवलं. कोर्टात घालायला नवा ड्रेस शिवतो, असं सांगून त्याने खिशातून टेप काढली. दुकानातून तसाच उठून आल्यामुळे मधल्या बोटात अंगुस्तान राहिलं होतं, सुई टोचू नये म्हणून घालायची ती पितळी टोपी. बायकोने आधी त्या बोटाकडे पाहिलं, मग मुकाट हात वर केले.

छत्तीस. अंदाज सुताइतकाही चुकला नव्हता.

"कुणाचं?" त्याने विचारलं.

"तुमचंच."

तो हसला. अकरा महिने म्हणजे तू काय हत्तीण आहेस का, असं म्हणाला.

ती चिडली नाही. म्हणाली, डॉक्टरांनी पहिल्या दिवशी एकच विचारलं होतं, आजवर काय काय पोटात घातलंत? ती एकेक सांगत गेली तसतसं पोट वाढत गेलं.

"दर वेळी सकाळी तुम्हीच म्हणायचात ना," ती म्हणाली, "झालं ते झालं, पोटात घाल. मी घातलं."

शिंप्याला रागच आला. हात काय, कुणाचा उठत नाही? आणि उठल्यावर सकाळी माफी मागणारे नवरे किती असतात? तो मागायचा, अगदी मनापासून. हे भलतंच काहीतरी त्या डॉक्टरने तिच्या डोक्यात भरवलं होतं, स्वतःचं पाप झाकायला.

"हात ठेवून बघा," असं म्हणून तिने त्याचा हात धरला आणि पोटावर ठेवला.

पोट ऊबदार होतं. मुलीच्या वेळी तो असाच हात ठेवायचा. लाथ बसली की दोघंही हसायची. ते आठवून त्याने हात तसाच राहू दिला.

मग आत काहीतरी सरकलं. लाथ नव्हती ती. कातडीखाली एकेक करून पाच बोटं उमटली, लांब, जाड, मोठ्या माणसाची, आणि त्याच्या बोटांना नेमकी येऊन टेकली. बोटाला बोट, मापात तसूभर फरक नाही. मधल्या बोटाच्या टोकाशी काहीतरी टणक लागलं. कातडीच्या दोन बाजूंनी दोन टोप्या एकमेकींवर दाबल्या गेल्या.

त्याने हात मागे ओढला.

"सोमवारी सकाळी बाहेर येईल म्हणतात डॉक्टर," गाऊन सारखा करत बायको म्हणाली. "कोर्टात घेऊनच येईन. सगळ्यांसमोर माप जुळवून बघू."

शिंप्याने घाईघाईने अंगुस्तान काढून खिशात टाकलं. गाऊनच्या कापडावर मधल्या बोटाच्या जागी टोपीएवढा उंचवटा तसाच होता.